एसीतला गॅस आणि जगानं पाळलेला एक करार

मार्च संपत आला की आपल्या सोसायट्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. एसी चालू आहे, हवा येतेय, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, काटा बघतो आणि सांगतो, ‘‘काकू, गॅस संपलाय, भरावा लागेल.’’ तो सिलिंडर आणतो, गॅस भरतो, पैसे घेतो. खोली गार होते आणि विषय तिथेच मिटतो.

त्या सिलिंडरमधला वायू किती बनवायचा आणि कोणत्या वर्षापर्यंत कमी करत आणायचा, हे जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलेलं आहे. या कराराचं नाव माँट्रियल करार. 16 सप्टेंबर 1987 ला कॅनडातल्या माँट्रियल शहरात तो झाला. आज त्याचे 198 सदस्य आहेत, म्हणजे एकही देश बाहेर नाही. ‘देश एकत्र येतात, फोटो काढतात आणि घरी जातात’ असं पर्यावरणाच्या परिषदांबद्दल आपण बोलतो आणि अनेकदा ते खरंही असतं. हा करार मात्र पाळला गेला. तो कसा, हे समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं, कारण त्याचा पुढचा टप्पा थेट आपल्या खिडकीबाहेरच्या त्या युनिटपर्यंत येतो.

गॅस ‘संपतो’ म्हणजे काय?

इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते, तेव्हा गार वाटतं. स्पिरिट उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. एसी आणि फ्रिज हेच करतात. आतल्या कॉइलमध्ये एक द्रव उडतो आणि खोलीची उष्णता शोषतो. बाहेरचा कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, तेव्हा ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते. सतत फिरणाऱ्या या पदार्थाला रेफ्रिजरंट म्हणतात. आपण त्याला मेकॅनिकसारखं ‘गॅस’च म्हणू.

हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला असेल तर अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. मग गळलेला गॅस गेला कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना माणसांना धक्का बसला होता.

ओझोनची छत्री

जमिनीपासून साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर ओझोन वायू विखुरलेला असतो. सूर्याच्या किरणांतला अतिनील भाग, ज्यानं त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतो, पिकांना इजा होते, तो बराचसा तिथेच अडवला जातो. ‘थर’ म्हटलं की जाडजूड काही डोळ्यांसमोर येतं. पण हा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला, तर इथल्या दाबाखाली तो जेमतेम तीन मिलीमीटर भरेल. एकावर एक ठेवलेली दोन नाणी, एवढंच ते संरक्षण. हाच वायू जमिनीलगत वाहनांच्या धुरातून तयार झाला तर मात्र फुप्फुसांना घातक ठरतो. त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या प्रदूषणाच्या बातम्यांतला ओझोन आणि हा वरचा ओझोन यांची गल्लत करू नये.

चांगला वायू, वाईट परिणाम

शंभर वर्षांपूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे वायू वापरत. ते गळले तर घरातली माणसं दगावू शकत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. क्लोरीन, फ्लोरिन आणि कार्बन एकत्र केलेले हे वायू म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, थोडक्यात सीएफसी. ते विषारी नव्हते, पेट घेत नव्हते, त्यांना वास नव्हता आणि ते कशाशीही चटकन अभिक्रिया करत नव्हते. फ्रिज, एसी, स्प्रेचे डबे, गाद्यांचा फोम, सगळीकडे ते पोचले. त्या काळच्या माहितीनुसार ही मोठी सुधारणाच होती.

कशाशीही अभिक्रिया न करणं हाच गुण पुढे घात करणार होता. पावसानं धुऊन जात नाही, जमिनीलगत तुटत नाही, असा वायू वरवर चढत राहतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं, की फार उंचीवर अतिनील किरणांमुळे सीएफसी तुटेल, त्यातला क्लोरीन मोकळा होईल आणि ओझोन फोडत सुटेल. यात क्लोरीन स्वतः संपत नाही. एक रेणू फोडला की तो पुढच्याकडे वळतो. निष्क्रिय होण्याआधी क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू नष्ट करू शकतो.

सीएफसी बनवणाऱ्या उद्योगानं हे मान्य केलं नाही. त्यांचा सूर असा होता की हे कागदावरचं गणित आहे, पुरावा कुठे आहे?

पुरावा अंटार्क्टिकातून आला. तिथल्या हॅली या ब्रिटिश तळावर 1950 च्या दशकापासून रोज ओझोन मोजला जात होता. फारसं कौतुक न झालेलं, चिकाटीचं काम. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे 1985 मध्ये जाहीर केलं, की दर वसंतात, म्हणजे तिथल्या ऑक्टोबरात, हॅलीवरचा ओझोन मोठ्या प्रमाणात नाहीसा होतोय. तेच ‘ओझोनचं भोक’. तेव्हापासून अडीच वर्षांच्या आत माँट्रियलमध्ये सह्या झाल्या. मोलिना, रोलँड आणि ओझोनवरच काम करणारे पॉल क्रुट्झेन यांना नोबेल मिळालं ते 1995 मध्ये, म्हणजे नोबेलची वाट न बघता जगानं पाऊल उचललं होतं.

‘फ्रिज तुम्ही वापरलेत, बिल आम्ही का भरू?’

मूळ 1987 चा करार तसा अपुरा होता. सीएफसी 1990 च्या दशकाअखेर निम्म्यावर आणायचा, इतकंच त्यात ठरलं होतं. सुरुवातीला सह्या करणारे देशही दोन डझनच. भारत आणि चीन बाहेर होते, आणि खरी कसोटी तिथेच लागली.

एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. वरच्या मजल्यावरच्या आठ-दहा बिऱ्हाडांनी तीस-चाळीस वर्षं गच्ची हवी तशी वापरली. जादा टाक्या बसवल्या, मोबाइल टॉवरला जागा देऊन भाडं खाल्लं. स्लॅबला तडे गेले. आता सर्वसाधारण सभेत ठराव येतो, की यापुढे गच्चीवर कोणीही काहीही बसवायचं नाही आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांनी सारखा करायचा. कालपरवा राहायला आलेलं कुटुंब विचारेल, ‘‘आम्ही तर अजून एक बादलीही गच्चीवर ठेवली नाही.’’ त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण छत गळलं तर पाणी त्यांच्याही घरात येणार, हेही तितकंच खरं.

1990 मध्ये लंडनच्या बैठकीत भारताची भूमिका अशीच होती. तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी ती ठामपणे मांडली. आमच्याकडे बहुतेक घरांत अजून फ्रिज यायचाय. स्वस्त वायू बंद करून महागडा पर्याय घ्यायला लावणार असाल, तर फरकाचे पैसे द्या आणि तंत्रज्ञानही द्या. ही अडवणूक होती असं काही जण आजही म्हणतात. मला तसं वाटत नाही. गरीब देशांना दर माणशी वर्षाला 0.3 किलोपर्यंत हे वायू वापरायची सवलत करारात होती. भारत आणि चीन मिळून तेव्हा सुमारे 200 कोटी माणसं. दोघं त्या मर्यादेपर्यंत गेले असते तर वर्षाला 6 लाख टन. मग श्रीमंतांनी केलेली कपात पाण्यात गेली असती. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती आणि लंडनला ती मोकळेपणानं मान्य झाली.

तिथे ‘बहुपक्षीय निधी’ जन्माला आला. पहिल्या तीन वर्षांसाठी 16 कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर 24 कोटी, असं उघडच ठरलं. दोघंही आले. भारत 1992 मध्ये सदस्य झाला. निधीचा कारभार बघणाऱ्या समितीत सात श्रीमंत देश आणि सात विकसनशील देश असतात, म्हणजे देणाऱ्याचाच शब्द अखेरचा नसतो. कारखान्याला मिळतात ते फक्त बदलाचे वाढीव पैसे. जुनं यंत्र काढून नवं बसवायला जो जास्तीचा खर्च येईल तेवढाच, नवा कारखाना फुकट नाही. आजवर या निधीतून 4 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आहे. वर गरीब देशांना प्रत्येक टप्प्यावर सुमारे दहा वर्षं जास्तीची मुदत मिळाली.

आंतरराष्ट्रीय भाषेत याला ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ म्हणतात. शाश्वत विकासावरच्या प्रत्येक परिषदेत हा शब्दप्रयोग येतो. त्यातला ‘वेगवेगळी’ हा शब्द पैशात आणि तारखांत उतरलेला बघायचा असेल, तर तो इथे दिसतो.

बाहेर राहणाऱ्याचं काय?

करारात आणखी एक तजवीज होती. सदस्य देशांनी बाहेरच्या देशांशी या वायूंचा व्यापार करायचा नाही. त्यामुळे बाहेर राहून स्वस्तात माल विकू, हा मार्गच बंद झाला. जसजसे देश आत येत गेले, तसतसं बाहेर राहणं महाग होत गेलं.

आणि वेळापत्रक गोठवलेलं नव्हतं. शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ यांचे गट ठरावीक काळानं अहवाल देतात. पर्याय तयार आहेत असं दिसलं, की सदस्य कपातीच्या तारखा अलीकडे आणू शकतात आणि त्यासाठी प्रत्येक देशाच्या संसदेकडून नव्यानं मंजुरी आणावी लागत नाही. निम्मी कपात म्हणून सुरू झालेला करार 1990 मध्ये ‘2000 पर्यंत पूर्ण बंद’ झाला आणि 1992 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांसाठी ‘1996 पर्यंत पूर्ण बंद’. भारताची मुदत 2010 ची होती. दम्याच्या इनहेलरसाठी लागणारा वायू वगळता आपण 1 ऑगस्ट 2008 पासूनच सीएफसी थांबवला. याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

‘पण चोरून कोणी बनवला तर?’

बनवला गेलाही. 2018 मध्ये हवेचे नमुने तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की सीएफसी-11 या वायूचं प्रमाण अपेक्षेइतकं घटत नाही. कोणीतरी वर्षाला हजारो टन नव्यानं सोडत होतं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या मापन केंद्रांनी वाऱ्याच्या दिशेवरून माग काढला आणि बरंचसं बोट पूर्व चीनकडे, मुख्यतः शानडोंग आणि हबेई प्रांतांकडे गेलं. फोम बनवण्यासाठी तो वापरला जात असल्याचे संकेत होते. प्रकरण उघडं पडल्यावर कारवाई झाली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हे उत्सर्जन घसरल्याचं त्याच केंद्रांनी नोंदवलं. हवेला सीमा नसते, आणि म्हणूनच चोरी हवेतच पकडली जाते. आपल्या हवामान खात्याचे ओझोन मोजणारे फुगे पुण्याहून आणि अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरून सोडले गेले आहेत. करार टिकतो तो अशा नोंदींच्या आधारावर.

जानेवारी 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ गटानं सांगितलं, की आहे तीच धोरणं चालू राहिली तर ओझोन 1980 च्या पातळीवर परत येईल. जगाच्या बहुतेक भागात 2040 च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर 2045 आणि अंटार्क्टिकावर 2066 च्या आसपास. इतका वेळ का, तर आधी सोडलेला सीएफसी हवेत पन्नास ते शंभर वर्षं टिकतो. आणि काहीच केलं नसतं तर? नासाच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मांडलेल्या गणितानुसार 2065 पर्यंत जगातला दोन तृतीयांश ओझोन गेला असता.

छत्री वाचली, गोधडी जाड झाली

‘ओझोनला भोक पडलं म्हणून उकाडा वाढला’ असं खूप जण समजतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. ओझोन ही छत्री आहे, ती किरणं अडवते. तापमानवाढ ही गोधडी आहे. कार्बन डायऑक्साइडसारखे वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. पण एसीतल्या गॅसचा दोन्हींशी संबंध आहे, म्हणून गोंधळ होतो.

सीएफसी गेला, त्याच्या जागी आधी एचसीएफसी आला. आपल्या जुन्या एसींमधला आर-22 तो हाच. ओझोनचं नुकसान कमी, पण शून्य नाही. मग आला एचएफसी. त्यात क्लोरीनच नाही, त्यामुळे छत्री सुरक्षित. मात्र गोधडी म्हणून तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो ते हजारो पट जाड. आर-410ए आणि आर-32 हे एसीतले गॅस याच एचएफसी प्रकारातले. शंभर वर्षांच्या हिशेबानं एक किलो आर-410ए हा साधारण 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आर-22 सुमारे 1,810 आणि आर-32 सुमारे 675. आर-290 म्हणजे प्रोपेन, त्याचा आकडा जेमतेम 3.

हे आकडे हाताला लागावेत म्हणून दुसरा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोभर आर-22 हवेत सोडणं हे 780 हून अधिक लिटर पेट्रोल जाळण्यासारखं. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी तेवढ्या इंधनात समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरवरून आठ वेळा जाऊन-येऊन करेल. एका एसीची एक गळती, एवढी.

म्हणून 15 ऑक्टोबर 2016 ला रवांडातल्या किगालीमध्ये त्याच कराराला दुरुस्ती झाली आणि एचएफसी टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं. ती पूर्ण पाळली तर शतकाअखेर जवळपास अर्धा अंश तापमानवाढ टळू शकते.

‘भारताला उशिराची तारीख, ही पळवाट नाही का?’

श्रीमंत देशांनी 2019 पासून कपात सुरू केली. चीनसह बहुतेक विकसनशील देशांना वापर 2024 मध्ये गोठवायचा होता. भारत, पाकिस्तान, इराण आणि आखातातल्या काही देशांना 2028 ही तारीख मिळाली. आपल्या मर्यादेचा हिशेब 2024, 2025 आणि 2026 या वर्षांच्या सरासरीवर बेतलेला आहे. तिथून 2032 मध्ये 10 टक्के, 2037 मध्ये 20, 2042 मध्ये 30 आणि 2047 मध्ये 85 टक्के कपात. सप्टेंबर 2021 मध्ये भारतानं यावर शिक्कामोर्तब केलं.

या सवलतीमागचं कारण मला पटतं. चंद्रपूर किंवा अकोल्याचा मे महिना ज्यानं काढलाय, त्याला एसी ही चैन आहे असं सांगणं अवघड आहे. उष्माघातानं माणसं मरतात, लसी आणि दूध-भाज्या गारव्याअभावी खराब होतात. या देशात गारवा वाढायलाच हवा. पण 2042 पर्यंत फक्त 30 टक्के आणि नंतरच्या पाच वर्षांत एकदम 55, हा चढ फार उभा आहे. शेवटच्या पाच वर्षांवर सगळं ढकललं, तर तेव्हा नडणार आहे. आज विकला जाणारा एसी दहा-बारा वर्षं चालतो, हे विसरून चालणार नाही.

पर्याय नाहीत असंही नाही. मोठी शीतगृहं आजही बहुतेक अमोनियावरच चालतात. घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन रुळलाय. विक्रोळीच्या गोदरेजनं 2012 मध्येच प्रोपेनवर चालणारा एसी बाजारात आणला होता. प्रोपेन पेट घेतो, ही शंका रास्त आहे. म्हणून यंत्रातलं त्याचं प्रमाण थोडं ठेवतात आणि काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. ज्या स्वयंपाकघरात एलपीजीचा अख्खा सिलिंडर असतो, तिथे काही शे ग्रॅम प्रोपेनची भीती किती बाळगायची, हे मात्र ज्यानं त्यानं ठरवावं.

‘मग हवामान बदलाचा करार असा का पाळला जात नाही?’

कारण सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या होत्या, आणि पर्याय मिळाला की त्याच कंपन्या तो विकून पैसे कमवणार होत्या. कोळसा आणि तेल विजेत आहे, सिमेंटमध्ये आहे, खतात आहे, एसटीच्या टाकीत आहे. 2015 च्या पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवतो. बाहेर राहिलं तर व्यापार बंद, असं तिथे काही नाही. पैशांची आश्वासनंही तिथे वर्षानुवर्षं रेंगाळली. त्यामुळे माँट्रियलचा साचा उचलून तिथे बसवता येणार नाही. एक भाग मात्र उचलता येईल. बदलाच्या वाढीव खर्चाचा निधी, दोन्ही बाजूंना समान मतं आणि दर काही वर्षांनी तारखा अलीकडे आणण्याची सोय.

आपल्या गॅलरीत

भारताच्या 2019 च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट होतं. मला या सगळ्या धोरणांत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक मेकॅनिक उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. गळती शोधायला वेळ जातो, गिऱ्हाईक घाई करतं, म्हणून टॉपअप करून मोकळं व्हायचं ही सवय पडते. दुरुस्तीच्या वेळी उरलेला गॅस यंत्रानं परत काढून घ्यायचा असतो. ते यंत्र महाग, त्यामुळे अनेकदा व्हॉल्व्ह उघडून गॅस सरळ हवेत सोडला जातो. दोष त्या पोराचा नाही. वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे ‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्या मुलाला मी विचारलं, ‘‘बाळा, आधी लीक कुठाय ते बघशील का? जास्त वेळ लागला तर त्याचे वेगळे देते.’’ तो क्षणभर थांबला. मग खाली जाऊन नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन आला, नळीत दाब भरला आणि साबणाचा फेस जोडांवर लावत गेला. आतल्या कॉइलला काही नव्हतं. बाहेरच्या युनिटच्या तांब्याच्या नळीवर, नटापाशी, मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. त्यानं नळीचं तोंड कापून नव्यानं फुलवलं, नट बसवला, पुन्हा फेस लावला. बुडबुडा आला नाही. मग व्हॅक्युम पंप लावून त्यानं वजन करून गॅस भरला. पाऊण तास गेला. जाताना म्हणाला, ‘‘काकू, आता पुढच्या वर्षी मला बोलवावं लागणार नाही.’’